न संपणारं पीठ

३ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पार्सल काल दुपारी पोचलं. पोच म्हणून लिहिते. बिनगव्हाच्या पिठाच्या बंद पिशव्या दोन, गोंदासारख्या भुकटीची पुडी एक, दळलेली साखर अर्धा किलो, काळ्या चहाची डबी एक, नवी चाळण एक आणि तुमच्या हातचा कृतीचा कागद. साखरेच्या पिशवीला कोपऱ्यात भोक पडलं होतं. सांडलेली कागदावर गोळा करून घेतली. फार तर चमचाभर गेली असेल, ती मुंग्यांच्या नशिबाची. टपालाचे बेचाळीस तुम्ही भरलेत हे तिकिटांवरून कळलं. पिठाची किंमत तुम्ही काळ्या शाईने खोडली आहे, पण पिशवी उजेडात धरली की वाचता येते. साध्या कणकेच्या सातपट! हिशेबाच्या वहीत लिहिली आणि यांच्या नजरेस पडू दिली नाही.

फोन न करता पत्र लिहिते, कारण फोन बैठकीच्या खोलीत आणि तुमची नात तिथेच पसरलेली. गालात घास साठवून ठेवते म्हणून सगळे खारू म्हणतात, पण तिचे कान गालांपेक्षा मोठे आहेत. सहा वर्षांची पोर आपल्या दुखण्याबद्दल सगळं ऐकते आणि संध्याकाळी बाहुलीला सांगते, "तुझ्या आतड्यांना गव्हातला चिकटा सोसत नाही हं बाई, कणसुद्धा नाही."

परवा डॉक्टरांकडे नेलं. तुमच्यासमोर बोलले होते तेच पुन्हा बोलले, की औषध नाही, गहू तोडणे हेच औषध. दर महिन्याला वजन करायचं. सूनबाई फोनवर म्हणाली, "वजन अजून उतरलं तर मी नर्सिंग अर्धवट टाकून येते." तुमच्या लेकीने ही जागा किती वर्षं वाट पाहून मिळवली ते मी तुम्हाला काय सांगायचं? आमचे चिरंजीव धरणाच्या कामावर, तिथे तंबूत बायकापोरांना जागा नाही. तेव्हा पोर आणि सूनबाईचं वर्ष, दोन्ही सध्या माझ्या ओट्यावर आहेत. देव निभावून नेवो.

पहिले स्कोन, तुमच्या बेकरीतले ते छोटे फुगीर गोड पाव, आज केले. लोणी गार हवं, पिठात बोटांनी चुरायचं पण वितळू द्यायचं नाही असं तुम्ही लिहिलंय. माझे हात मुळात ऊन. थंड पाण्यात बुडवून बुडवून चुरलं. फुगले नाहीत. आमचे हे म्हणाले, "दाराला अडसर म्हणून बरे आहेत." खारूने मात्र एक गालात ठेवून दुसरा मागितला.

एक विचारते, राग नसावा. स्कोनांवर ओतायच्या पाकात चहा कशाला? लेकराच्या तोंडी चहा? मला पहिला कप मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी मिळाला होता.

तुमची,
खारूची घरची आजी

१२ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

खोडलेली किंमत उजेडात धरून वाचलीत! पुढच्या वेळी पिशवीला अस्तर लावून पाठवते.

आता चहाचं. बारा स्कोनांच्या पाकात दोन चमचे कडक चहा. एका स्कोनाच्या वाट्याला येतो तो चिमणीच्या डोळ्याएवढा. तेवढ्याने मॅट्रिक हुकणार नाही. या पिठाला तांदूळ नि बटाट्याची एक फिकी, मातकट चव असते. चहाच्या तुरटपणाने ती झाकली जाते. दुखणं कळायच्या आधी खारू माझ्या बेकरीत यायची तेव्हा पाकाचा चमचा चाटायला आधी पुढे. चमच्यावरून माझ्या भट्टीवाल्याशी भांडायची.

अडसर झाले कारण तुम्ही गोळा मळलात. कणीक समजून मळायचं नाही. नुसतं जमवायचं, थापायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. सुरी सरळ खाली, पिळायची नाही. हे पीठ फार चिकटतं, म्हणून खाली भुरभुरताना हात आखडता घेऊ नका. तुम्हाला ओळखून आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. चांगलं मूठभर टाका. उरतं ते जातंच, त्याला इलाज नाही.

चाळण, चमचा, डबा, सगळं वेगळं. डब्याला लाल दोरा बांधा. पिशव्या मी बेकरीत आणतच नाही. माझ्याकडे हवेत गव्हाची धूळ असते, माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि त्या नुसत्या वयाने नव्हेत. कारखान्यातून बंद येतात त्या वरच्या खोलीत ठेवते आणि तशाच टपालात घालते. दोन पिशव्या जेमतेम सहा आठवडे जातील. संपत आल्या की कळवा.

माझ्या पोरीचं वर्ष तुमच्या ओट्यावर आहे म्हणालात. ओटा भक्कम आहे, मला ठाऊक आहे.

बेकरीआजी

१ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. स्कोन फुगायला लागले. यांनी अडसर हा शब्द मागे घेतला. पण लिहायचं कारण वेगळं आहे.

खारूचं पोट बिघडलंय. आधी वाटलं बाहेर काही तोंडात टाकलं असेल. खोदून खोदून विचारलं, फ्रॉकचे खिसे उलटे केले, बाहुलीच्या गाडीतसुद्धा पाहिलं. काही नाही. शेजारणीने बिस्किट पुढे केलं तर ही म्हणाली, "नको हं काकू, मला कणसुद्धा नाही." अशी पोर. मग मी चहाचा पाक बंद केला. चार दिवस बरी वाटली, पण ते चार दिवस तिने काही खाल्लंच नव्हतं. पाकाशिवाय स्कोन पुन्हा खायला लागली आणि पुन्हा तेच. काल वजन केलं. अर्धा किलो उतरलंय. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, घरात नक्की कुठूनही गहू जात नाही ना?" मी म्हटलं, देवाशपथ नाही.

सूनबाईचा फोन आला तेव्हा जे दिसतंय ते मी तिला सांगितलं.

पार्सल तूर्त राहू द्या. टपालखर्च उगाच तुमच्या अंगावर.

खारूची आजी

९ मार्च

विहीणबाई,

टपालखर्चाची काळजी केलीत, आभारी आहे. खरं कारण मला लेकीकडून कळलं.

"आई, तुझ्या बेकरीत गव्हाची धूळ उडते, पिशव्यांना लागत असेल. तुझा दोष नाही, पण तू आता पाठवू नकोस." असं म्हणाली. तिचा तो 'पण' शिळ्या स्कोनासारखा माझ्या घशात अडकलाय. न खाली जातो न वर येतो. धुळीची गोष्ट तिला कोणी सांगितली? मी तुम्हाला लिहिली होती. भुवयांचा विनोद म्हणून लिहिली होती. तुम्ही विनोद बाजूला काढून धूळ तेवढी पुढे पाठवलीत.

मी तुमच्याकडे बोट दाखवलं नाही. एकदाही नाही. नात चार महिने माझ्याकडे होती तेव्हा मी बेकरीतून घरात पाऊल टाकायच्या आधी पायातलं नि अंगातलं बदलत होते. पिशव्या बंद असतात, विहीणबाई. बंद! कारखान्याची शिवण तुम्ही तुमच्या हाताने उसवता.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं झालं आहे. चोर कोण ते मला माहीत नाही. पण तो अजून तुमच्या घरात आहे, आणि तुम्ही मला सुळी देऊन दार लावून बसला आहात.

पार्सल पाठवणार नाही. लेकीने सांगितलंय.

बे. आ.

२८ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला हात धजत नव्हता. मी बोलले ते बोलले. पोर खंगताना पाहिली की जीभ ताळ्यावर राहत नाही.

तुमचं पार्सल येत नाही, पाकाची भीतीही मी सोडून दिली, कारण पाकाशिवाय ती आता कशालाच तोंड लावत नाही. तरी उतार नाही. पाय काड्यांसारखे, पोट मात्र पुढे आलेलं. जिना चढायची एका दमात, आता तिसऱ्या पायरीवर बसते आणि म्हणते, "आजी, मी इथे दुकान मांडलंय, म्हणून थांबलेय." थकले म्हणत नाही. दुकान मांडलं म्हणते. काल म्हणाली, "तुला काय देऊ? चहाचा पाक की नुसता चहा?" मी पदर तोंडाला लावून आत गेले.

तिचं वजन वाढेपर्यंत मी चहातली साखर सोडली आहे. देवाला दुसरं काय द्यायचं? दोन्ही वेळा दिवा लावते आणि एकच मागते.

डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. सूनबाईने नर्सिंगच्या मोठ्या बाईंना सांगून ठेवलंय. पंधरा एप्रिलला ती येते. एक तर पोरीला घेऊन जाईल, नाही तर शिक्षण सोडून इथे राहील. कुठे घेऊन जाणार ते बोलली नाही. तुमच्याकडेच असणार.

माझं चुकतंय कुठे? पोटात फक्त भात, दूध, फळ आणि तुमच्या पिठाचे स्कोन. आठवड्यातून एकदा करते, रोज दोन देते. कालही केले. तुमच्याच पिठाचे, तुमच्याच कागदाप्रमाणे. तो कागद आता मला पाठ आहे.

खारूची आजी

३ एप्रिल

विहीणबाई,

राग बाजूला ठेवून एकच विचारते.

मी दोन पिशव्या पाठवल्या, फेब्रुवारीच्या आरंभी. सहा आठवड्यांचं पीठ. मार्चच्या मध्याला डबा रिकामा व्हायला हवा होता. त्यानंतर मी काही पाठवलेलं नाही. आणि तुम्ही लिहिता, काल स्कोन केले, तुमच्याच पिठाचे.

पीठ संपलं कसं नाही?

बाजारातून दुसरं आणलंत का? स्वस्त मिळालं म्हणून सुटं घेतलंत का? असेल तर सांगा. मी लेकीला एक अक्षर बोलणार नाही. पण खरं सांगा, आणि पुढचे स्कोन करायच्या आधी सांगा.

बे. आ.

८ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मन खट्टू झालं. बाजारातलं सुटं पीठ! मी काटकसरी आहे हे सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक आहे, पण नातीच्या पोटावर वाचवणारी नाही. डबा तोच. लाल दोरा तोच. चाळण तुम्ही दिलेली, तिला दुसरं पीठ शिवलेलं नाही. चमचा वेगळा, त्याच्या दांड्यालाही दोरा बांधलाय.

पीठ का संपलं नाही ते सांगते, आणि सांगताना मला थोडा अभिमानच वाटतो. एक तर मी स्कोन थोडे लहान कापते, पोरीच्या मुठीत मावतील असे. दुसरं, तुम्ही खाली मूठभर भुरभुरायला सांगितलंत आणि उरलं तर जाऊ द्या म्हणालात. तुम्ही बेकरीवाल्या, तुम्हाला जातं तेवढं जात असेल. आमच्या घरात अन्नाचा कण पायाखाली येऊ देत नाहीत. सासूबाईंनी मला या घरात पहिली गोष्ट शिकवली ती हीच, आणि ज्या लाकडी फळीवर शिकवली तीच फळी अजून वापरते. स्कोन कापून झाले की कडक ब्रशाने फळी कानाकोपऱ्यातून झाडते आणि जमलेलं सगळं चाळून परत डब्यात टाकते. कण म्हणून वाया जात नाही.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी मूठभर टाकते आणि कित्येकदा सव्वा मूठ जमतं. हे हसतात. मी हसत नाही. या दिवसांत डब्यावर देवाने हात ठेवलाय असं मी समजते. पार्सल बंद झालं तरी पोरीचा घास बंद झाला नाही.

आणि फळी स्वच्छ असते हो. सकाळी तिच्यावर घरच्या पावाची कणीक होते, पण त्यानंतर कोरड्या फडक्याने खसखसून पुसते, मगच खारूचं पीठ घेते. ओलं फडकं लाकडाला लावत नाही, आधीच भेगा पडल्यात, फुगायची.

आता तरी पटलं ना, माझ्या स्वयंपाकघरात कसूर नाही ते?

खारूची आजी

११ एप्रिल

विहीणबाई,

हे पत्र पुढे वाचायच्या आधी उठा आणि तो डबा खारूच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवा. मग बसा.

मूठभर टाकता आणि सव्वा मूठ जमतं. ते वरचं पाव मूठ कुठून येतं? ती कृपा नव्हे, विहीणबाई. ती तुमच्या फळीच्या भेगांतली कणीक आहे. आजची, कालची, तुमच्या सासूबाईंच्या वेळची. फडक्याने वरचं निघतं, भेगेतलं राहतं. ते तुमचा कडक ब्रश काढतो, आणि तुम्ही ते चाळून डब्यात घालता. दर आठवड्याला थोडं. म्हणून पहिल्या घाण्याला पोर बरी होती आणि पुढे प्रत्येक खेपेला जास्त आजारी. पार्सल बंद झाल्यावर उतार पडला नाही तो त्यामुळेच. लाल दोऱ्याच्या डब्यातच गहू आहे.

डबा रिकामा करा. कोणाला देऊ नका, मिसळू नका, 'घरच्या पावाला चालेल' म्हणून बाजूला काढू नका. टाका. तुमच्याकडून पीठ टाकलं जाणं म्हणजे काय ते मला कळतं. तरी टाका. डबा गरम पाण्याने धुवा, चाळण फेका. फळी खारूच्या वाऱ्यालाही उभी करू नका.

आता माझं ऐका. तुमचं पत्र वाचलं आणि आधी फोनकडे धावले. लेकीचा नंबर निम्मा फिरवला. "बघ, तुझ्या आईचं पीठ नव्हतं!" हे वाक्य जिभेच्या टोकावर नाचत होतं. महिनाभर ती माझ्याशी कोरडं बोलतेय. मग हातातल्या तुमच्या पत्रात 'थोडा अभिमानच वाटतो' ही ओळ दिसली, आणि मी फोन खाली ठेवला. चाळण वेगळी, चमचा वेगळा, डबा वेगळा, हे मी तुम्हाला लिहिलं. फळीचं लिहिलं नाही. माझ्याकडे दगडी ओटा, पाणी मारलं की झालं. लाकूड माझ्या डोक्यातच आलं नाही. हात आखडता घेऊ नका म्हणाले तीही मीच.

लेकीला मी काही सांगणार नाही. ती पंधराला तुमच्या दारात असेल. सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. न सांगाल तर पोर हळूहळू सुधारेल आणि सगळे म्हणतील, बेकरीचं पीठ बंद केलं म्हणून सुधारली. मी ते ऐकून घेईन. आनंदाने नाही, पण घेईन.

पार्सल सोबतच टाकतेय. लेकीने मनाई केली असली तरी.

बेकरीआजी

२ मे

विहीणबाईंना नमस्कार.

पार्सल मिळालं, पोच लिहायला उशीर झाला. जाड काचेची फळी एक, न तडकता. पिठाच्या बंद पिशव्या तीन. चाळण एक. चहाची डबी एक. टपालाचे सत्तर. या खेपेला किंमत तुम्ही खोडली नाही आणि मी ती वाचली नाही.

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं. नंतर बसले ती किती वेळ बसले कोण जाणे. आपल्या हाताने, दिवा लावल्या हाताने, मी पोरीला दर आठवड्याला ते भरवत होते, आणि वर देवाचे आभार मानत होते. परसात खड्डा खणला. डबा घेऊन दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा डोळे मिटून उपडा केला. यांनी वरून माती लोटली.

आता घरात गहूच नाही. सासूबाईंची फळी माळ्यावर, कापडात गुंडाळून. सगळ्यांना एकच पीठ. हे म्हणतात, "अडसराला लोणी लावून खातोय, पण चहाचा पाक बरा आहे हो."

सूनबाई पंधराला आली. खारूला पाहून दारातच बॅग ठेवून खाली बसली. पोरीने तिला तिसऱ्या पायरीवर नेलं, दुकान दाखवलं. तुम्ही मला दार उघडं ठेवलं होतं, ते मी विसरले नव्हते. दुपारभर मनात म्हणत होते, काय अडलंय सांगून? पोर तर सुधारणारच. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला गेले आणि काडी पेटेना. तशीच स्वयंपाकघरात परत आले आणि भांडी पुसत असलेल्या सूनबाईला म्हटलं, "तुझ्या आईच्या पिठात काही नव्हतं. गहू माझ्या फळीत होता. मीच झाडून डब्यात घालत होते."

ती भांडं पुसतच राहिली. कोरडं झालं तरी पुसत होती. मग म्हणाली, "आईला हे माहीत आहे?"

"आहे. तिनेच शोधून काढलं."

"आणि ती मला बोलली नाही?"

"नाही."

"मी तिला पार्सल बंद करायला सांगितलं. मी तिला म्हटलं, तुझी धूळ."

"ते तुला मी सांगितलं होतं."

"सांगितलंत तुम्ही. पण म्हणाले तर मीच ना?"

मला वाटलं, आता ही सामान बांधते. चार दिवस राहिली. काचेच्या फळीवर माझ्यासमोर स्वतः स्कोन केले, मला हात लावू दिला नाही. निघायच्या दिवशी म्हणाली, "मी आज ठरवलं तर रागात ठरवीन, नाही तर तुमची कीव येऊन. दोन्ही नकोत. वर्ष पुरं करायला मी परत जातेय. दोन मेला वजन करा. ते घेऊन आईला लिहा. खारू कुठे राहील ते आई ठरवेल. आपण दोघींनी तिला गुन्हेगार केलं, आता न्याय तिने करायचा." तुम्ही वर्षभर बेकरी बंद करून पोरीला ठेवून घ्यायला तयार आहात, हेही तिनेच सांगितलं. मला तुम्ही ते कधी लिहिलं नाहीत.

तर आज दोन मे. वजन केलं. पाव किलो वाढलंय. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात काही म्हणता येत नाही, पण वळण बरोबर आहे. येताना खारू सहाव्या पायरीपर्यंत चढली, तिथे बसली आणि म्हणाली, "दुकान वर हलवलं." पाकात चहा किती घालायचा ते आता तीच सांगते, आणि चमचा चाटायला आधी पुढे असते. मी माझ्या चहात साखर अजून घातलेली नाही.

मी काही मागत नाही. मागायचा हक्क त्या खड्ड्यात पुरलाय. तुम्ही म्हणाल ते मला मान्य, आणि यांनाही. तुमच्या जागी मी असते आणि माझ्या पिठावर कोणी असं बोट ठेवलं असतं, तर मी काय ठरवलं असतं ते मला ठाऊक आहे.

खारूची पेटी भरून ठेवली आहे. फ्रॉक सहा, लोकरी जाकीट एक, बाहुली, बाहुलीची गाडी, तुमचा कृतीचा कागद, लाल दोऱ्याचा चमचा. खारूला अजून सांगितलेलं नाही. ती पेटीभोवती फिरते आणि विचारते, "आजी, आपण कुठे जाणार?" मी सांगते, बेकरीआजीला पत्र लिहिलंय, ती सांगेल.

पेटीला दोरी बांधू, की कपडे पुन्हा कपाटात लावू? जे असेल ते, पण उलट टपाली कळवा.

तुमची,
खारूची घरची आजी